धुणार कोण?

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या बाजूला ज्या पांढऱ्या फरशा आहेत, त्यांवर रोज सकाळी दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या चिकटलेल्या दिसतात. ते काम आईचे. पिशवीचा कोपरा ती अशा बेताने कापते की, कापलेला तुकडा पिशवीपासून सुटू नये. मग आत थोडे पाणी घालून विसळायचे, ते पांढुरके पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायचे आणि पिशवी फरशीवर थापून द्यायची. ओली असते तोवर ती तिथे चिकटून राहते. वाळली की आपणहून गळून खाली पडते. महिनाअखेर साठ पिशव्यांची चळत दोऱ्याने बांधली जाते आणि रद्दीवाल्याकडे जाते. त्याचे जे काही चार-सहा रुपये येतात, ते देव्हाऱ्याच्या खणात पडतात.

खरे सांगायचे तर मला या पिशव्यांचा फार राग येत असे. मी ठाण्याला बालवाडीत शिकवते. सकाळची डोंबिवलीची गर्दीची गाडी पकडायची, डबे भरायचे, आणि त्या घाईत फरशीवरची एखादी पिशवी नेमकी फोडणीत पडायची! शिवाय घरी कोणी आले की त्यांची नजर पहिल्याने तिकडे जाणार. दिवाळीच्या आधी घर आवरताना मी दरवर्षी आईला म्हणायची, "आता चार दिवस तरी हे राहू दे गं." ती 'हो' म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या फरशीवरून उतरून न्हाणीघराच्या दाराआड गेलेल्या असायच्या.

यंदा मात्र या बाबतीत एक गंमत झाली. गंमत म्हणते खरी, पण ती सांगायला घेतली की घशात थोडे अडकते.

दसरा उलटल्यावर आमच्या डोंबिवलीत प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. फराळाचे, कुडत्यांचे, पणत्यांचे. तसेच एक प्रदर्शन 'पर्यावरणस्नेही' वस्तूंचे भरले होते. माझी लेक अकरावीत आहे. तिने मला आणि तिच्या आजीला हाताला धरून नेले. सुरेख मांडणी होती. बांबूचे दात घासायचे ब्रश, नारळाच्या करवंटीचे वाडगे, तांब्याच्या बाटल्या, विक्रमगडकडच्या बायकांनी विणलेले बांबूचे आकाशकंदील, जुन्या साड्यांच्या पिशव्या. प्रत्येक वस्तूला सुतळीने बांधलेली बदामी कागदाची चिठ्ठी, आणि तिच्यावर बारीक अक्षरात किंमत. आई एका टेबलापाशी थबकली. तिथे वाळलेल्या घोसाळ्याची जाळी अंग घासायला म्हणून ठेवली होती. किंमत एकशे ऐंशी रुपये. आईचे माहेर मुरबाडकडचे. ती हळूच मला म्हणाली, "आमच्या कुडावर ही लोंबत असायची. चुकून निबर झालेली. खायच्या कामाची नाही म्हणून मग अंगाला!"

लेकीला साडीची पिशवी आवडली. साडेसहाशे रुपये. ती देखणी होती, यात शंका नाही. आत अस्तर, बाहेर खिसा. मी पाकीट काढणार, इतक्यात आईने ती पिशवी हातात घेतली, उलटी केली, शिवण पाहिली आणि त्या विकणाऱ्या मुलीला विचारले, "बाई, ही धुवायची कशी?"

ती मुलगी गोड हसून म्हणाली, "आजी, ही धुवायची नाही. नुसती ओल्या फडक्याने पुसायची."

"मग हिच्यातून भाजी कशी आणायची?"

"भाजीसाठी नाही हो. ही स्टाइलसाठी आहे."

आईने पिशवी होती तशी टेबलावर ठेवली. लेक घरी येईपर्यंत गप्प होती. मी तिची समजूत घालायला म्हणाले, "अगं, आपल्याकडे पिशव्या काय थोड्या आहेत?" आणि ते सिद्ध करण्यासाठी दाराआडच्या खिळ्यावरचा गठ्ठा काढून मोजला. तेवीस निघाल्या! लग्नातल्या, बारशातल्या, शिबिरातल्या, साड्यांच्या दुकानातल्या. एकीवर तर 'पृथ्वी वाचवा' असे छापलेले, आणि तिची घडीही मोडलेली नव्हती.

लेक हुशार. तिने फोनवर काहीतरी वाचले आणि मला एक आकडा ऐकवला. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेने २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. दुकानात मिळणारी पातळ प्लास्टिकची पिशवी एकदा वापरून टाकली, तर हवामानावर तिचा जितका भार पडतो, त्याच्या बरोबरीला यायचे तर नव्या सुती पिशवीला १३१ वेळा बाजारात जावे लागते. कापूस पिकवायचा, त्याला पाणी आणि खत घालायचे, सूत काढायचे, विणायचे, या सगळ्याचे ओझे त्या पिशवीच्या जन्मापासून तिच्या माथी असते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली असाच हिशेब मांडला. तिथली जाड प्लास्टिकची पिशवी तुलनेला घेतली, तर नुसत्या हवामानापुरत्या ५२ खेपा पुरतात. पण पाणी, ओझोनचा थर असे सगळेच जमेला धरले, तर साध्या सुती पिशवीला ७१०० आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीला २०,००० खेपा!

मी दहावीपुढे शिकले नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, पण आकडेमोडीत माझी धाव बालवाडीच्या मण्यांच्या पाटीपलीकडे नाही. तरी त्या रात्री बसून गुणाकार केला. तेवीस पिशव्या, प्रत्येकीच्या १३१ खेपा, म्हणजे ३०१३. रोज एक खेप धरली तर सव्वाआठ वर्षे. डेन्मार्कचा मोठा आकडा धरला तर ४४७ वर्षे! एवढे आयुष्य कोणाला आहे? कापडी पिशवी घरात आली की आपण पृथ्वीचे देणे फेडले, असे मला इतके दिवस वाटत होते. प्रत्यक्षात खिळ्यावर तेवीस कर्जे टांगलेली होती.

हे सगळे चालू असताना आई उठली, तिच्या पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून एक खाकी पिशवी काढून लेकीच्या मांडीवर ठेवली.

ती पिशवी पाहिली आणि माझ्या छातीत काहीतरी हलले.

बाबा अंबरनाथला कारखान्यात होते. वर्षाला त्यांना खाकी कापडाचे दोन जोड मिळत. गुडघ्यावर विरलेली एक पँट आईने १९८९ साली उसवली आणि तिच्या दोन पायांची ही पिशवी शिवली. बंद कमरपट्टीचे, म्हणून न तुटणारे. खालच्या शिवणीला दुहेरी टीप. आम्ही तेव्हा कल्याणला पारनाक्याजवळच्या चाळीत राहत होतो. रोजची भाजी, गिरणीवरचे दळण, रॉकेल आणायला जाताना गुंडाळलेला डबा, सगळे त्या पिशवीतून यायचे. बाबा २०१३ साली गेले, तोपर्यंत ती अशी चालत राहिली. त्यानंतर आईने ती धुतली, इस्त्री केली आणि ट्रंकेत ठेवली. का, ते आम्ही कधी विचारले नाही. विचारायचे कारण नव्हते.

चोवीस वर्षे. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी ७२०० खेपा झाल्या. डेन्मार्कच्या विद्वानांनी घातलेली अट कल्याणच्या एका चाळीतल्या बाईने शंभर खेपा वर ठेवून पुरी केली. आणि मुळात तिच्या पिशवीला ती अट लागूच नव्हती. ते कापड एका माणसाच्या अंगावर झिजून झाल्यानंतर पिशवीच्या जन्माला आले होते.

पण मला आठवले ते हे नव्हे.

मी सातवीत होते. दिवाळी तोंडावर आलेली. बाजारपेठेतल्या एका कापडाच्या दुकानात माझ्यासाठी परकराचे कापड घेतले, तेव्हा दुकानदाराने ते चकचकीत प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले. तिला बोटे अडकवायला भोके होती आणि वर एका नटीचे चित्र! ती पिशवी मी पुढे वर्षभर शाळेत नेली. चित्राचा रंग उडेपर्यंत. त्या दिवशी मात्र माझ्या एका हातात ती होती आणि आईने दुसऱ्या हातात खाकी पिशवी दिली. तिच्यात पाच किलो रवा-मैदा. समोरून माझ्या वर्गातल्या दोघी-तिघी येताना दिसल्या. मी खाकी पिशवी रस्त्यावर टेकवली, बुटाचा बंद बांधते असे दाखवले आणि आईच्या दहा पावले मागे राहिले. माझ्या पायात चपला होत्या.

आईने मागे वळून पाहिले. काही बोलली नाही. परत आली, पिशवी उचलली आणि पुढे चालू लागली. त्यानंतर तिने ती पिशवी माझ्या हातात कधीही दिली नाही. दळण असो, कांदे-बटाटे असोत, तीच उचलायची. तिचा उजवा खांदा आज वर उचलत नाही. डॉक्टर वय सांगतात. मी ऐकून घेते.

आता माझी लेक तीच पिशवी खांद्याला लावून आरशापुढे उभी होती आणि म्हणत होती, "आजी, काय स्टायलिश आहे गं ही! मी फडके रोडला हीच नेणार."

दिवाळीच्या पहिल्या सकाळी फडके रोडवर गणपतीच्या देवळापाशी आमच्या गावची सगळी तरुण मंडळी नटूनथटून जमते. तिथे मिरवायला बाबांची पँट जाणार! आई हसली. म्हणाली, "ने की. पण मग धुणार कोण?"

मला आधी वाटले, हा आजीचा साधा प्रश्न आहे. पण तो रात्री माझ्याबरोबर झोपायला आला आणि जाईना.

अलीकडे 'आपल्या आजीच्या घरात सगळेच कसे निसर्गाला धरून होते' असे म्हणायची चाल पडली आहे. मीही तसे लिहिले आहे. राखेने भांडी, शिकेकाईने केस, रिठ्याने लोकर, पितळेला कल्हई, जुन्या लुगड्यांची गोधडी, तान्ह्याला धोतराची दुपटी. यांतले एकही खोटे नाही. पण या वाक्यांत एक माणूस गाळलेला असतो. राख हातांना लागत होती. आमच्या चाळीत नळाला पाणी पहाटे यायचे आणि तासाभरात जायचे. तेवढ्यात दुपटी, फडकी आणि बायकांची ती सांदीकोपऱ्यात वाळणारी फडकीसुद्धा धुवायची. हिवाळ्यात आईच्या बोटांना चिरा पडत, त्यांत ती रात्री कोमट खोबरेल भरायची. पुढे भांडी घासायची वडी घरात आली तेव्हा ती लहान मुलीसारखी हरखली होती. त्या आनंदाला नावे ठेवणारी मी कोण?

टाकाऊ वस्तू जगात आली ती आळशी माणसांसाठी, असे म्हणून चालणार नाही. ती दमलेल्या माणसांसाठीही आली. आमच्या गाडीतल्या बायका पाहा. ठाण्याला उतरेपर्यंत कोणी गवार मोडते, कोणी मेथी निवडते, आणि सगळे काही मांडीवरच्या पिशवीत. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर बाजारात गेलेल्या बाईला पातळ पिशवी ही मैत्रीणच वाटते.

आणि गंमत अशी की, त्या पिशवीच्या बापाचाही हेतू वाईट नव्हता. स्वीडनमधल्या स्टेन गुस्ताफ थुलिन या गृहस्थांनी ती एका अखंड नळीतून कापून काढण्याची युक्ती शोधली. १९६५ साली तिचे पेटंट झाले. कागदी पिशव्यांसाठी फार झाडे तोडली जातात, म्हणून वडिलांना पुन्हापुन्हा वापरता येईल अशी हलकी, टिकाऊ पिशवी हवी होती, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. स्वतः थुलिन एक पिशवी घडी करून खिशात बाळगत असत म्हणे! लोक ती एकदाच वापरून फेकतील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

हे वाचले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन त्या फरशीकडे पाहत उभी राहिले. थुलिनसाहेबांचे म्हणणे आमच्या घरात एकटीलाच समजले होते, आणि तिला मी वर्षानुवर्षे 'राहू दे गं' म्हणत होते.

फेकण्याचे काय होते ते आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांना कोणी शिकवायला नको. आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर आमच्याच डोळ्यांदेखत वाढला. तो पेटला की वाऱ्याची दिशा बघून खिडक्या लावायच्या, ही आमच्याकडची सवय होती. २०२१ साली तिथे कचरा टाकणे थांबले. २६ जुलै २००५ चा पाऊसही आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा इकडे उल्हास नदीनेही काठ सोडले होते. पाणी ओसरले तेव्हा खिडक्यांच्या गजांना आणि झाडांच्या फांद्यांना पिशव्या लोंबत होत्या. मी फेकलेली नटीच्या चित्राची पिशवी त्यांत नसेल कशावरून? ती काही कुजली नसणार. पुढे २०१८ साली २३ मार्चला राज्याने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, २३ जूनपासून दंड सुरू झाले. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. काही दिवस आम्ही सारे शहाणे झालो. मग भाजीवाल्याच्या टोपलीखालून पातळ पिशवी पुन्हा डोकावू लागली. तो देतो, कारण आपण रिकाम्या हाताने जातो.

कायदा पिशवी बंद करील. प्रदर्शन दुसरी पिशवी विकील. पण कापडाची असो, तांब्याची असो की बांबूची, टिकणारी वस्तू घरात आली की ती काहीतरी मागते. तांब्याची बाटली चिंच मागते, गोधडी ऊन मागते, पिशवी सुई-दोरा मागते. ते देणारे हात घरात कोणाचे, याचे उत्तर चिठ्ठीवर छापलेले नसते. आजवर ते न विचारताच ठरलेले असायचे. म्हणून तर आईने ते मोठ्याने विचारले.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात सभा भरली. आमचे हे म्हणाले, "मी पिशव्या धुवीन, पण शिवणकाम सांगू नका." दुधाच्या पिशव्या विसळायचे काम त्यांनी आईकडून शिकून घेतले. पहिल्या दिवशी कोपरा तोडून टाकला, म्हणून बोलणीही खाल्ली. तेविसांपैकी चार पिशव्या ठेवल्या, बाकीच्या खालच्या भाजीवाल्याला दिल्या. पिशवी विसरलेल्या गिऱ्हाइकाला द्यायला. गिऱ्हाईक ती परत आणील की नाही, हा त्याचा आणि देवाचा प्रश्न. लेकीने आजीकडून दुहेरी टीप घालायला घेतली आहे. दोन बोटांना सुया टोचून झाल्या. साडेसहाशेची पिशवी मागे राहिली. ती शिवणाऱ्या बाईच्या कष्टाचे साडेसहाशे जास्त नव्हते, हे आता तिलाही कळते. बांबूचा कंदील मात्र आम्ही घेतला. तो पुढच्या वर्षीही लावायच्या अटीवर.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी शाळेतून आले, तो आई बाजाराला निघायच्या तयारीत बसलेली. पणत्या आणि फराळाचे राहिलेले सामान आणायचे होते. मी खिळ्यावरून खाकी पिशवी काढली. आई म्हणाली, "आण इकडे." मी दिली नाही.

जाताना रिकामीच होती. येताना तिच्यात पाच किलो रवा-मैदा होता, पणत्या होत्या, वर झेंडूची फुले. बंद तळहातात रुतत होता. रस्त्यात माझ्या शाळेतल्या दोन सहशिक्षिका भेटल्या, थांबून बोलल्या. एकीने पिशवीकडे पाहून विचारले, "कुठे घेतली हो?" मी म्हणाले, "आईने शिवलीये. माझ्या बाबांची पँट आहे ही." आई जमिनीकडे बघत होती.

त्या दोघी गेल्या आणि मी भरभर चालू लागले. ओझे होते आणि का कोण जाणे, डोळ्यांपुढचा रस्ता मला नीट दिसत नव्हता. मागून आईचा आवाज आला.

"अगं, हळू चाल जरा. तेव्हा मागे राहायचीस, आता पुढे पळतेस!"

चौतीस वर्षे तिने ते मनात ठेवले होते, आणि बोलली तेव्हा हसत बोलली. मी थांबले. ती आली, पिशवीचा एक बंद तिने धरला. तिचा खांदा दुखेल म्हणून मी सोडवायला गेले, पण तिने तो सोडला नाही. तशाच आम्ही घरापर्यंत आलो.

मैदा थोडा सांडला होता. घरी आल्यावर पिशवी मी धुतली.